झडती कोणाची?

सुदुंबरे हे मावळ तालुक्याच्या पूर्व कडेचे गाव. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला चाकण. संताजी जगनाडे महाराजांची समाधी येथे आहे. संताजी चाकणचे, व्यवसाय तेलघाण्याचा, आणि वारकरी परंपरेत त्यांची ओळख तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे टाळकरी अशी. त्यांच्या हातच्या म्हणून जपल्या गेलेल्या वह्यांच्या आधारे वि. ल. भावे यांनी १९१९-२० मध्ये 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' प्रसिद्ध केला. त्या 'अस्सल' शब्दावर पुढे अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला. तो वाद घालता आला याचे कारण वही उघडून दाखवली गेली होती. बांधून ठेवलेल्या वहीविषयी श्रद्धा बाळगता येते किंवा संशय बाळगता येतो. तिसरे काही करता येत नाही.

इंद्रायणीत वह्या बुडाल्या, ही कथा महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. पण परंपरेप्रमाणे त्याच नदीत त्याआधीही कागद बुडाले होते, आणि ते अभंगांचे नव्हते. ती कर्जखते होती. तुकोबांच्या घरी व्यापार आणि सावकारी होती. दुष्काळाने सारे विस्कटल्यावर त्यांनी खते काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपला अर्धा वाटा नदीला दिला. या कथेतील वैराग्याविषयी कीर्तनांतून खूप ऐकायला मिळते. मला तिच्यातला काटेकोरपणा अधिक विलक्षण वाटतो. भावाच्या हक्काच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. आपल्या मालकीचा कागद कोणता आणि दुसऱ्याचा कोणता, ही सीमा विरक्तीच्या क्षणीही त्यांनी ओलांडली नाही.

ही सीमा राज्यसंस्थेने कोठे आखावी, हा या लेखाचा विषय आहे. दुसऱ्याची वही उघडायला लावण्याचा अधिकार कोणाला असावा, कोणत्या कारणाने असावा, आणि ते कारण कोणी तपासावे? विषय वकिलांचा आणि करसल्लागारांचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा संसदेने संमत केला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख ठरली, आणि त्यात झडतीच्या अधिकाराची व्याप्ती माणसाच्या कपाटापासून त्याच्या ईमेलपर्यंत आणि समाजमाध्यमांवरील खात्यांपर्यंत शब्दशः लिहिली गेली. या तरतुदीवर वर्तमानपत्रांतून जी चर्चा झाली ती बहुतेक 'सरकार आता तुमचे फोटो पाहणार' या थाटाची होती. खरा प्रश्न त्याहून जुना आहे, आणि त्याचे एक फार चांगले उत्तर आपल्याच पुणे जिल्ह्यातून निघालेल्या एका कायद्यात पडून आहे.

१२ मे १८७५ रोजी सुपे गावात (तेव्हाचा भीमथडी तालुका, आज बारामती) बाजाराच्या दिवशी जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत हेच घडले. मावळात पाऊसमान बरे. हा वणवा पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातला. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात, पण दंगा म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते ती खुनाखुनी येथे जवळजवळ नव्हती. जमावाला हवे होते कागद. खते आणि हुकूमनामे मागितले जात, मिळाले की जाळले जात, आणि नकार मिळाला की मग हात उगारला जाई. शेकडो माणसांना अटक झाली, सरकारने चौकशी आयोग नेमला.

कागदच का? कारण त्या कुणब्याचे सारे दैव एका अशा वहीत होते जी त्याला वाचता येत नव्हती आणि पाहायला मिळतही नव्हती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. उद्देश ऋणकोचे रक्षण हा. झाले असे की दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. जुने खत गेले की हिशेबाचा उगम गेला. कोर्टापुढे येई ते शेवटचे खत, अंगठ्यासकट. समन्स निघे, कुणबी हजर होत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई. कायद्याने सर्व काही नियमानुसार, आणि मूळ कर्ज किती होते हे न्यायाधीशाला कधी विचारावेच लागत नसे.

यावर १८७९ चा 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याचे १२ वे कलम वाचनीय आहे. शेतकऱ्यावरील कर्जाच्या दाव्यात न्यायालयाने समोरच्या खतावर थांबू नये, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, त्याचा सारा इतिहास उकलावा, फसवणूक किंवा दडपण होते का ते पाहावे आणि मग हिशेब करावा, असा त्याचा आशय. ऋणकोने कर्ज कबूल केले तरीही! ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क पूर्ण ठाऊक असताना दिलेली आहे, असे न्यायाधीशाला वाटले तरच तो या चौकशीच्या बंधनातून मोकळा होई, आणि तसे वाटण्याची कारणे त्याने लेखी नोंदवायची.

हे कलम दोनदा वाचावे असे आहे. वही उघडणे हा येथे नियम आहे. न उघडणे हा अपवाद. आणि कारण लिहायचे ते अपवादासाठी. पुढच्या कलमांत आणखी काही गोष्टी येतात. शेतकऱ्याने पैसे दिले की त्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क, दरसालचा हिशेब मिळण्याचा हक्क, पासबुकात नोंद करून मागण्याचा हक्क. बँकेचे पासबुक आज कोणाला कौतुकाचे वाटत नाही, पण एका जिल्ह्याने खते जाळल्यानंतर दुर्बळ पक्षाला मिळालेली ती पहिली तपासणी होती, हे ध्यानात ठेवावे.

या कायद्याचा माझ्या मते सर्वांत शहाणा भाग मात्र तिसराच आहे. कायदा करणाऱ्यांना आपल्याच न्यायाधीशांवर पुरता भरवसा नव्हता. त्यांनी खालच्या न्यायालयांच्या कामावर देखरेख करणारी, त्यांचे निकाल मागवून तपासणारी व्यवस्था केली आणि तिच्या शिरोभागी एक विशेष न्यायाधीश नेमला. १८८७ ते १८९३ या काळात या पदावर महादेव गोविंद रानडे होते. गावोगाव फिरून न्यायालयांची कागदपत्रे पाहणे हेच त्यांचे काम. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकातून या फिरतीच्या संसाराची कल्पना येते. सावकाराची वही न्यायाधीश उघडी आणि न्यायाधीशाचे दप्तर रानडे उघडीत. तपासणाऱ्याचीही तपासणी होणार, हे व्यवस्थेतच गृहीत होते.

हा कायदा म्हणजे रामराज्य नव्हे. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखते लिहून घ्यायला सुरुवात केली आणि जमिनी गेल्या त्या गेल्याच. पुढे तोंडी पुराव्याने खरेदीखतामागचे गहाण सिद्ध करू देणारी तरतूद घालावी लागली. तरीही तत्त्व म्हणून त्या कायद्याने जे मांडले ते मला आजच्या चर्चेपेक्षा पुढारलेले वाटते: तपासणी प्रबळाच्या वहीची, लाभ दुर्बळाला, आणि तपासणाऱ्याच्या हातावरही कोणाची तरी नजर.

आता दिवाणी दाव्यातील नेहमीची पद्धत पाहू, कारण करकायद्याने आपले अधिकार तिच्याकडूनच उसने घेतले आहेत. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा ११ वा आदेश हा दस्तऐवजांच्या प्रकटीकरणाचा आणि तपासणीचा. तुमच्या कैफियतीत तुम्ही एखाद्या कागदाचा उल्लेख केला की प्रतिपक्ष तो पाहायला मागू शकतो. उल्लेख नसेल तर त्याने तो कागद दाव्याशी कसा संबद्ध आहे हे न्यायालयाला पटवायचे. हुकूम होऊनही कागद दाखवला नाही तर वादीचा दावा निघून जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव खोडला जाऊ शकतो. शिक्षा जबर आहे. तिचा वापर विरळा. याच आदेशातील १९ वा नियम मला नेहमी आवडत आला आहे. व्यापाऱ्याच्या वह्या पाहायला मागितल्या, तर न्यायालय मूळ वह्या देण्याऐवजी संबंधित नोंदींची नक्कल, ताडून पाहिल्याच्या शपथपत्रासह, द्यायला सांगू शकते. वहीत एका गिऱ्हाइकाबरोबर दहा गिऱ्हाइके असतात, आणि वाद एकाशी असताना दहांची नावे उघडी पडू नयेत, ही साधी व्यवहारी जाण त्या नियमात आहे.

याहून पुढची पायरी म्हणजे इंग्लंडमध्ये १९७५ साली 'अँटन पिलर' या प्रकरणात मान्य झालेला हुकूम. प्रतिपक्षाला पूर्वसूचना न देता त्याच्या जागेत शिरून पुरावा ताब्यात घ्यायचा. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयात बौद्धिक संपदेच्या दाव्यांत कोर्ट रिसीव्हर नेमून असे हुकूम दिले जातात. ही खाजगी झडतीच. पण तिच्यासाठी आधी न्यायाधीशापुढे अर्ज, अर्जात कारण, आणि अर्जदार खोटा ठरला तर भरपाईची हमी. आणि झडती झाल्यावर प्रतिपक्षाला तो अर्ज वाचायला मिळतो. आपल्या दारात माणसे का आली, हे त्याला कळते.

आयकराच्या झडतीत हे शेवटचे घडत नाही.

१९२२ च्या आयकर कायद्यात अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार होते: बोलावणे, शपथेवर विचारणे, कागद हजर करायला लावणे. घरात शिरून झडती घेण्याचा अधिकार त्यात १९५६ साली जोडला गेला. १९६१ च्या कायद्यात हे सारे तीन पायऱ्यांत आले. १३१ व्या कलमाखाली कागद मागवायचे. १३३अ खाली व्यवसायाच्या जागी, कामकाजाच्या वेळेत जाऊन पाहणी करायची. आणि १३२ खाली कुलूप तोडूनही झडती घ्यायची. शेवटच्या पायरीसाठी अट एक: माहितीच्या आधारे वरिष्ठ अधिकाऱ्याला तसे 'मानण्यास कारण' असले पाहिजे. न्यायाधीशाचा पूर्वहुकूम लागत नाही. ज्या खात्याला झडती घ्यायची आहे त्याच खात्याचा वरिष्ठ ती मंजूर करतो.

न्यायालयांनी हे मान्य केले. १९५४ च्या एम. पी. शर्मा प्रकरणात आठ न्यायमूर्तींनी सांगितले की झडतीपासून संरक्षण देणारे अमेरिकेसारखे कलम आपल्या घटनेत नाही. १९६९ च्या सेठ ब्रदर्स प्रकरणात कारण आणि कृती यांचा संबंध न्यायालय पाहू शकते, कारण पुरेसे आहे की नाही हे मात्र पाहणार नाही, अशी रेघ ओढली गेली. १९७३ च्या पूरणमल प्रकरणाने झडतीची तरतूद वैध ठरवली आणि झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा वापरता येतो असेही म्हटले. म्हणजे चुकीच्या दाराने शिरले तरी हाती लागलेले टिकते. अशा ठिकाणी शिरण्याचे कारण हीच एक जागा उरते, जिथे नागरिकाला प्रश्न विचारता येईल.

त्या जागेचे काय झाले, हे आपल्याच राज्यातील एका प्रकरणाने दिसते. नागपूरच्या 'स्पेसवुड फर्निशर्स' या कंपनीवर २००९ साली झडती झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खात्याची नस्ती मागवून पाहिली आणि झडतीची मंजुरी रद्द केली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणे नोंदलेली असली पाहिजेत, आव्हान मिळाले तर ती उच्च न्यायालयापुढे ठेवावी लागतील. पण झडतीआधी किंवा झडतीच्या वेळी ती करदात्याला सांगण्याची गरज नाही. इथपर्यंत मलाही तक्रार नाही. झडतीची खबर आधी देणे म्हणजे झडती न घेणे. रॉकेलचा डबा आणि काडेपेटी तोवर हाताशी असते, आणि हल्ली तर तेवढेही लागत नाही.

पण २०१७ च्या वित्त कायद्याने यापुढचे पाऊल टाकले. कारण कोणत्याही व्यक्तीला, कोणत्याही प्राधिकरणाला आणि अपील न्यायाधिकरणालाही उघड केले जाणार नाही, असे स्पष्टीकरण १३२ व्या कलमाला जोडले गेले, आणि तेही १९६२ पासून तसेच होते असे समजून. नंतरही नाही, आकारणी पुरी झाल्यावरही नाही. त्याच वर्षी २४ ऑगस्टला पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि एम. पी. शर्मा निकालातील त्याविरुद्धचा भाग रद्द केला. एकाच वर्षात माणसाच्या घराची कडी आतून घट्ट झाली आणि बाहेरून आलेल्याचे कारणही लखोट्यात बंद झाले. नव्या, २०२५ च्या कायद्यात ही गुप्तता स्वतंत्र कलम होऊन बसली आहे. तिच्या शेजारीच 'आभासी अंकीय अवकाश' येतो: ईमेल, समाजमाध्यमे, बँक आणि गुंतवणुकीची ऑनलाइन खाती, दूरस्थ साठवण. संकेतशब्द मिळाला नाही तर तो ओलांडून आत जाण्याचा अधिकार त्यात आहे.

करखात्याची बाजू मी हलकी लेखीत नाही. काळा पैसा ही कल्पना नव्हे. वस्तू आणि सेवा कराच्या खोट्या बिलांवर उभ्या राहिलेल्या कागदी कंपन्या, जमिनीच्या व्यवहारातला रोखीचा हिस्सा, हे ठाऊक नसलेला माणूस चाकण-तळेगावच्या पट्ट्यात शोधून सापडणार नाही. खतावणी आता कपाटात नसून कोठल्यातरी दूरच्या यंत्रावर आहे, म्हणून झडतीही तिथे जावी, हे तर्काला धरूनच आहे. जुनी वही तपासता येते आणि नवी वही तपासता येत नाही, असा कायदा हास्यास्पद ठरेल.

फरक मात्र वहीच्या स्वरूपाचा आहे. रोजकीर्दीत पैशाचे व्यवहार असत. तुकोबांच्या घरी खते एका गाठोड्यात होती आणि अभंगांच्या वह्या दुसऱ्या. नदीलाही त्या वेगवेगळ्या वेळी मिळाल्या. आजच्या माणसाच्या एका खात्यात त्याची खते, त्याचे अभंग, बायकोची पत्रे, डॉक्टरांचे अहवाल आणि वकिलाशी झालेले बोलणे एकत्र नांदते. पहिल्यासाठी शिरलेला हात शेवटच्यावर पडणारच. तेव्हा शिरण्याचे कारण किती नेमके होते, हे तपासण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. आणि नेमक्या याच वेळी ते कारण बंद करून ठेवले आहे.

'झडती' हा शब्दच याबाबतीत बोलका आहे. आज त्याचा अर्थ घराची किंवा अंगाची तपासणी. पेशवेकालीन हिशेबी कागदांत मात्र झडती म्हणजे तपासून मिळवलेला हिशेबही. मामलेदाराने सरकारला द्यायचा. म्हणजे तेव्हा झडती अंमलदाराची होई. शब्द रयतेच्या दारापर्यंत कधी आला ते भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे.

उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे, असे यावर उत्तर दिले जाते. आहे. पण कारण ठाऊक नसताना कारणाला आव्हान द्यायचे, म्हणजे १८७५ च्या कुणब्याने न पाहिलेल्या खतावर हरकत घेण्यासारखे आहे. रिट याचिकेचा खर्च सोसणारा मोठा व्यापारी तेवढे धाडस करील. ज्याच्या दुकानात दोन नोकर आहेत तो करणार नाही. त्याला साधारणपणे उपलब्ध असलेली पायरी म्हणजे अपील न्यायाधिकरण, आणि कायद्याने नेमके तिचेच डोळे बांधले आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात 'माहितीचा अधिकार' या शब्दांत कागदपत्रांची प्रत्यक्ष तपासणी करण्याचा हक्कही मोडतो, ही मोठीच गोष्ट. पण त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या संस्थांना वगळले आहे, त्यांत आयकर खात्याची अन्वेषण शाखा आहे.

खबऱ्याचे नाव फुटेल, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. ते नाव फुटू नये, हे मान्य. पण त्याचा उपाय १९०८ पासून आपल्या संहितेत आहे. ज्या नोंदीशी संबंध आहे तिची नक्कल द्या, बाकीची झाका, आणि ताडून पाहिल्याचे शपथपत्र जोडा. व्यापाऱ्याच्या वहीला जो नियम शंभरहून अधिक वर्षे पुरला तो खात्याच्या नस्तीला का पुरू नये? आकारणीचा आदेश निघाला की झडतीच्या कारणांची नाव झाकलेली प्रत करदात्याला मिळावी, आणि अपील न्यायाधिकरणाला न झाकलेली. आणि द्यायची नसेल, तर का द्यायची नाही हे कोणातरी न्यायाधीशाने लेखी नोंदवावे, जसे १८७९ साली पुण्याच्या दुय्यम न्यायाधीशाला नोंदवावे लागत होते.